लॅटिनो सासर, शेजार आणि मनाची दुखणी: सारखे येणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची. ह्यूस्टनला येऊन चौदा वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं एका मेक्सिकन-अमेरिकन घराची सून आहे. त्यामुळे मराठी मंडळात कुणाच्या मुलाची गर्लफ्रेंड कोलंबियन निघाली किंवा कुणाच्या शेजारच्या साल्वादोरच्या काकू दोन आठवडे अंगणात दिसल्या नाहीत की फोन मलाच येतो. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही, पण सासरच्या दोन माणसांना औषधापर्यंत नेताना जे शिकले आणि जिथे आपटले ते सगळं इथे एकदाचं लिहून ठेवतेय, म्हणजे दर वेळी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करायला नको.

प्र. आधी घाईचं. कुणीतरी आत्ता जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलतंय, काय करू?

९८८ ला फोन लावा. अख्ख्या अमेरिकेत चालतो, चोवीस तास, फुकट, आणि स्पॅनिश हवं असेल तर २ दाबायचं. ही लाइन जुलै २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून स्पॅनिशमध्ये मेसेजही करता येतो, 'आयुदा' म्हणजे मदत, हा शब्द इंग्लिश अक्षरांत (ए वाय यू डी ए) लिहून ९८८ लाच पाठवायचा. व्हिसा, कागदपत्रं असलं काही विचारत नाहीत. माणूस स्वतः बोलायला तयार नसेल तर त्याच्या वतीने तुम्ही फोन करून 'मी आता काय करू' एवढं विचारलंत तरी चालतं.

"पोलीस येतील का हो?" हे सगळेच विचारतात आणि सध्याच्या दिवसांत विचारणारच. बहुतेक कॉल फोनवरच संपतात, जिवाला लगेच धोका आहे असं वाटलं तरच पुढची मदत पाठवतात. ९११ लावायचीच वेळ आली तर पहिल्या वाक्यात सांगा की ही मानसिक आजाराची केस आहे, सीआयटी ट्रेनिंग (मानसिक संकटातला माणूस कसा हाताळायचा त्याचं) झालेला ऑफिसर पाठवा.

आणि सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार भरतो हा गैरसमज आहे. "एस्तास पेन्सान्दो एन कितार्ते ला विदा?" म्हणजे जीव द्यायचा विचार करतोयस का. मी हे वाक्य कागदावर लिहून पाठ केलं होतं आणि विचारताना माझे पाय कापत होते, समोरचा मात्र रडला आणि हो म्हणाला. टेक्सासच्या घरात बंदूक असणं काही नवीन नाही, ती त्या दिवशी घराबाहेर गेली पाहिजे, नाहीतर निदान कुलपात, आणि गोळ्यांच्या बाटल्याही.

प्र. लॅटिनो, हिस्पॅनिक, लॅटिनेक्स, नक्की म्हणायचं काय?

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेले, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतले. म्हणून ब्राझीलचा माणूस लॅटिनो आहे पण हिस्पॅनिक नाही, आणि स्पेनचा बरोबर उलटा. लॅटिनेक्स हा शब्द विद्यापीठात जास्त चालतो, आमच्या सासूबाईंना तो एखाद्या औषधाचं नाव वाटला होता. घरात विचाराल तर लोक मेक्सिकन, क्युबन, ओन्दुरेन्यो (होंडुरासचे), बोरिक्वा (पोर्तो रिकोचे) असंच सांगतात. २०२० च्या जनगणनेत हे सगळे मिळून ६ कोटी २१ लाख भरले, एवढ्या माणसांचा स्वभाव एकच कसा असेल.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाच. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना ग्रीन कार्डचं काय झालं म्हणून विचारू नका (आपल्या एका काकांनी विचारलंय). दुसरं, ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याकडून आलेल्या बऱ्याच लोकांची घरची भाषा स्पॅनिश नसते, माम, किचे, मिश्तेको, सापोतेको असते. त्यांच्यासमोर स्पॅनिश दुभाषी उभा करणं म्हणजे गडचिरोलीच्या गोंड आजीला हिंदीतून समजावण्यासारखं आहे, ती मान हलवेल आणि घरी जाऊन काहीच करणार नाही.

प्र. पण हे त्यांचं त्यांचं आहे ना, आपण मराठी लोकांनी कशाला मध्ये पडायचं?

टेक्सासमध्ये २०२२ पासून लॅटिनो हा सगळ्यात मोठा गट आहे, ४० टक्क्यांच्या वर. तुमच्या घराचं छप्पर त्यांनी घातलं, तुमचं बाळ त्यांनी सांभाळलं, तुमच्या मुलांच्या वर्गात निम्मी मुलं त्यांची. मध्ये पडायचा प्रश्न येतोच कुठे, आपण आधीच मध्ये आहोत.

आणि नातं जुनं आहे हो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदरवाले क्रांतिकारक, इंग्रजांमुळे भारतात परतता येईना तेव्हा १९२० च्या दशकात मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्यावर काम केलं, तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. मेक्सिकोचा नावाजलेला चित्रकार दिएगो रिवेरा, त्याने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. परक्या माणसाला त्या देशाने कसं जवळ केलं ते बघा. शिवाय दसऱ्याला आपण जो झेंडू दाराला लावतो तो मूळ मेक्सिकोचा, नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला ते त्याच फुलांनी आपल्या गेलेल्या माणसांची वेदी सजवतात. सासूबाईंना मी आमच्या दसऱ्याचे फोटो दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, ही फुलं तर आमची!

प्र. मनाच्या आजाराबद्दल ही माणसं बोलतच का नाहीत?

तुमच्या घरी बोलतात का? मग झालं.

त्यांच्याकडे एक शब्दप्रयोग आहे, 'एल के दिरान'. शब्दशः अर्थ 'लोक काय म्हणतील'. अगदी शब्दाला शब्द, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसायलाच आलं. दुसरी म्हण, 'ला रोपा सुसिया से लाबा एन कासा', मळकी धुणी घरातच धुवायची. म्हणजे आपलं घरातलं घरातच. आणि तिसरा शब्द 'आग्वान्तार', सोसणं. बाईने सोसायचं, कारण येशूची आई मारिया सोसत आली, पुरुषाने सोसायचं कारण तो पुरुष. कुणी फारच खचलं तर म्हणणार 'एचाले गानास', म्हणजे जोर लाव, हिंमत धर. प्रेमानेच म्हणतात, पण डिप्रेशनमध्ये अंथरुणातून उठता येत नसलेल्या माणसाला ते कसं लागत असेल विचार करा.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती पुस्तकी लोक विसरतात. जे घर गप्प बसवतं तेच घर सांभाळतंही. माझा दीर आजारी होता त्या सहा महिन्यांत तो एक रात्र एकटा झोपला नाही, कुणी ना कुणी मामेभाऊ सोफ्यावर पडलेला असायचाच, आजारावर अवाक्षर न काढता, फुटबॉल बघत. याला ते फामिलिस्मो म्हणतात, आधी कुटुंब मग बाकी. म्हणून मी सांगते की घरच्यांना वळसा घालून त्या माणसाला एकट्याला 'वाचवायला' जाऊ नका. घरातलं जे माणूस सगळ्यांचं ऐकून घेतं (बहुतेक वेळा एखादी मावशी असते) तिला आधी गाठा.

प्र. 'नेर्व्हिओस' म्हणजे काय? शेजारच्या काकू सारखं म्हणतात मला नेर्व्हिओस आहे.

ऐका, हा शब्द सोन्यासारखा आहे, सोडू नका. डिप्रेशन म्हटलं की दार बंद, लोको म्हणजे वेडा म्हटलं की कायमचं बंद, पण नेर्व्हिओस कुणीही मान्य करतं. त्यात काळजी, झोप न लागणं, हात थरथरणं, डोकं दुखणं, पोटात गोळा, उदासी सगळं येतं. आपल्याकडे 'जिवाला बरं वाटत नाही', 'छातीत धडधड होते' म्हणतात ना, तसंच काहीसं.

त्याचा मोठा भाऊ म्हणजे 'अताके दे नेर्व्हिओस'. मयताची बातमी, मोठं भांडण असं काही झालं की माणूस किंचाळतो, रडतो, अंग कापतं, छातीतून डोक्याकडे गरम लोट चढतोय असं वाटतं, कधी खाली पडतो. बघणाऱ्याला फिट आली किंवा नाटक चाललंय असं वाटतं. दोन्ही नाही. कॅरिबियन लोकांत जास्त दिसतं आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या २०१३ च्या मॅन्युअलमध्ये त्याची नाव घेऊन नोंद आहे. तशीच 'सुस्तो'ची, म्हणजे मोठी भीती बसून जीव अंगातून निघून गेल्यासारखं होणं आणि माणूस आठवडेच्या आठवडे खंगणं. पहिल्यांदाच असं झालं तर हृदयाची तपासणी करून घ्याच, उगाच 'नर्व्हस आहे' म्हणून घरी ठेवू नका.

मग बोलायचं कसं? "काकू, नेर्व्हिओसचं डॉक्टरांना सांगितलंत का? त्याच्यावर औषध असतं." बस. डिप्रेशन हा शब्द डॉक्टर नंतर काढतील. आमच्या सासूबाईंना २०१७ च्या हार्वी वादळानंतर पाऊस सुरू झाला की श्वास लागायचा, घरात गुडघाभर पाणी होतं त्यांच्या. दोन वर्षं ब्लड प्रेशर, दोन वर्षं पोटाचे डॉक्टर, शेवटी नेर्व्हिओस म्हटल्यावर गाडी रुळावर आली.

प्र. काकू अंडं फिरवून दृष्ट काढतात, कुरान्देरा म्हणजे झाडपाला-मंत्रवाल्या बाईकडे जातात. थांबवू का?

तुमच्या आईने मीठ-मोहरी ओवाळलेली थांबवली होती का? अंड्याने काही बिघडत नाही. उलट ती बाई अर्धा तास अंगाला हात लावून, नाव घेऊन प्रार्थना करते, क्लिनिकमध्ये एवढं कोण करतं. फक्त चालू गोळ्या बंद करायला सांगितलं किंवा कसलीशी पावडर पोटात घ्यायला दिली तर डॉक्टरांना दाखवा. चर्चचंही तेच, पाद्री म्हणाले 'डॉक्टरकडे जा' तर दहा सुनांनी सांगून होत नाही ते एका रविवारी होतं.

प्र. नवरा / दीर / जावई बोलत नाही, नुसता काम करतो आणि बिअर पितो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारताना आवाज खाली जातो.

पुरुषाची किंमत तो किती कमावतो आणि गावाला किती पाठवतो यावर ठरते. २०२४ मध्ये बाहेरून मेक्सिकोला पाठवलेली रक्कम ६४ अब्ज डॉलरच्या वर होती, बहुतेक सगळी अमेरिकेतून, ती काही बँकवाल्यांनी पाठवलेली नाही, छपरावर उन्हात उभं राहून पाठवलेली आहे. त्यातल्या एखाद्याचं काम सुटलं, पाठ गेली, की उदास आहे असं तो म्हणत नाही, तो चिडतो, गाडी जोरात चालवतो, शुक्रवारची बिअर सोमवारपासून सुरू होते. कोकणातून मुंबईला गेलेले, मनीऑर्डर पाठवणारे आपले चाकरमानी आठवतात का, त्यांच्या खोलीवरच्या रात्रींबद्दल कुणी कधी विचारलं होतं.

समोरासमोर बसवून 'आपण बोलूया' म्हणाल तर तो उठून गॅरेजमध्ये जाईल. तुम्हीही गॅरेजमध्ये जा. हातात काहीतरी काम असताना, नजरेला नजर न देता पुरुष बोलतात, गाडी चालवताना तर फार. माझ्या नवऱ्याने त्याच्या भावाशी पहिला नीट संवाद ऑइल बदलताना केला, एकूण चार वाक्यं झाली असतील. "झोप लागत नाही म्हणे." "नाही." "मलाही बाबा गेल्यावर लागत नव्हती. गोळी घेतली होती." "...कुठली?" यातलं तिसरं वाक्य महत्त्वाचं, आधी स्वतःचं सांगायचं. ते याला कोन्फिआन्सा म्हणतात, भरवसा, तो जमल्याशिवाय काही हलत नाही. दारूचं प्रमाण हाताबाहेर असेल तर १-८००-६६२-४३५७ ही सरकारी लाइन आहे, स्पॅनिशमध्येही, घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

मारहाण होत असेल तर मात्र गॅरेज वगैरे सोडा, तो वेगळा विषय आहे आणि तिथे आधी बाई आणि मुलं सुरक्षित.

प्र. डॉक्टरकडे मुलगीच भाषांतर करते, नऊ वर्षांची आहे पण हुशार आहे.

हुशार आहे म्हणूनच नको. माझ्या भाच्याला एका क्लिनिकमध्ये आईच्या गर्भपाताचं भाषांतर करायला लावलं, तो आज एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला अजून त्या खोलीचा रंग आठवतो. मला तेव्हा नियम माहीत नव्हता, आता आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषी फुकट द्यावा लागतो, फोनवर किंवा व्हिडिओवर का होईना, आणि अगदी इमर्जन्सी सोडली तर लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरता येत नाही. काउंटरवर म्हणायचं, "वी नीड ॲन इंटरप्रिटर, प्लीज", आणि मग हलायचं नाही. तिथली मुलगी उसासा टाकेल, टाकू द्या.

प्र. मुलाची गर्लफ्रेंड / पुतणी पंधरा-सोळाची आहे, इथेच जन्मलेली, सगळं चांगलं चाललंय आणि तरी हातावर वार दिसले.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. अभ्यास बघितले तर तिकडून आलेल्या आईबापांपेक्षा इथे जन्मलेल्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण जास्त निघतं, गरिबी आईबापांनी जास्त बघितली तरीसुद्धा. हायस्कूलच्या सरकारी सर्व्हेंमध्ये लॅटिना मुलींचं आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण वर्षानुवर्षं गोऱ्या मुलींपेक्षा जास्त आलंय. कारणं अनेक, पण मला घरात दिसतं ते असं की मुलगी शाळेत अमेरिकन, घरात धाकटी आई, वर भावंडांचा फॉर्म भरणारी, आणि भावाला रात्री अकरापर्यंत मोकळीक, तिला साडेआठ. 'तुझ्यासाठी आम्ही सगळं सोडून आलो' हे वाक्य तर आपल्या पोरांनाही तोंडपाठ आहे.

तिच्या आईला फोन करायच्या आधी मुलीला सांगा की मी आईला सांगणार आहे, तू बरोबर बसशील का. पाठीमागून सांगितलंत तर परत कधी हात दाखवणार नाही. आईला पहिलं वाक्य 'तिने असं का केलं' हे सुचणार, त्याऐवजी "आकी एस्तोय, मिहा" एवढं म्हणायला सांगा, मी इथे आहे बाळा. शाळेच्या काउन्सेलरला भेटायला पैसे लागत नाहीत. आणि लॉक, गोळ्या, ब्लेड, वर लिहिलंय ते सगळं.

प्र. बाळंतपणानंतर सून रडते. घरचे म्हणतात होतं असं.

पहिले दोन आठवडे होतं. त्यापुढे रडणं थांबत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, झोपायला मिळूनही झोप येत नसेल तर ते 'होतं असं' नाही.

त्यांच्याकडे 'कुआरेन्तेना' असते, चाळीस दिवस, आपला सव्वा महिनाच तो. गार पाणी नाही, पोटाला पट्टा, कोंबडीचा गरम रस्सा, बाहेर जायचं नाही. फार सुंदर पद्धत, पण ती चालायला घरात चार बायका लागतात आणि इथे अपार्टमेंटमध्ये ती एकटी, नवरा तिसऱ्या दिवशी साइटवर. म्हणजे बाहेर न जायचा नियम उरला आणि बायका गेल्या. तुम्ही त्यातली एक बाई व्हा. रस्सा घेऊन जा, बाळ घ्या, तिला दोन तास झोपू द्या. १-८३३-८५२-६२६२ ही खास बाळंतिणींसाठीची लाइन आहे, स्पॅनिशमध्ये बोलतात. बाळाला किंवा स्वतःला इजा करायचे विचार, भास होणं असं दिसलं तर त्याच दिवशी इमर्जन्सी रूम, सकाळची वाट बघायची नाही.

प्र. कागदपत्रं नाहीत म्हणून दवाखान्यात जायलाच घाबरतात. काय सांगू?

खोटा धीर देऊ नका, एवढं पहिलं. शाळा, दवाखाने, चर्च या ठिकाणी इमिग्रेशनवाले शक्यतो जाणार नाहीत असं जुनं धोरण होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकलं. भीती उगाच नाही. एकाच घरात आई बिनकागदाची, बाबा परमिटवर, मुलं नागरिक असं असतं, आणि संध्याकाळी बाबा वीस मिनिटं उशिरा आले की धाकटा दाराशी जाऊन उभा राहतो. याला थेरपी काय देणार, त्याच्या पोटातला गोळा खराच आहे.

तरी करण्यासारखं बरंच आहे. टेक्सासच्या हॉस्पिटलमध्ये नोव्हेंबर २०२४ पासून इमिग्रेशन स्टेटस विचारतात, पण उत्तर द्यायची सक्ती नाही आणि उत्तर न दिल्याने उपचार थांबत नाहीत. 'सांगायचं नाही' म्हटलं तरी चालतं, हे आधीच घरी पाठ करून घ्या. थेरपी व्हिडिओवर मिळते. लाल रंगाची हक्कांची कार्डं मिळतात, न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट असल्याशिवाय दार उघडायची गरज नाही वगैरे लिहिलेली. आणि सगळ्यात जास्त झोप कशाने लागते सांगू? कागदाने. आईबाप एका दिवशी घरी आलेच नाहीत तर मुलं कुणाकडे जाणार, शाळेतून कोण आणणार, औषधं कुठली, बँकेचं काय, हे लिहून सही करून एका फाइलमध्ये. आम्ही अशी फाइल नणंदेच्या शेजारणीसाठी एका रविवारी केली, त्या रात्री ती बाई खूप दिवसांनी सलग झोपली.

एक धोक्याची सूचना. लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो' म्हणजे मोठा वकील असतो, इथे नोटरी म्हणजे फक्त शिक्का मारणारा. त्या एका शब्दावर लोक हजारो डॉलर बुडवून बसलेत आणि केस बिघडवून घेतलीय ते वेगळंच. सोबत जा, वकिलाचं लायसन्स बघा.

प्र. स्पॅनिश बोलणारा थेरपिस्ट कसा शोधायचा? इन्शुरन्स नाही.

अवघड आहे, खोटं कशाला सांगू. २०१५ च्या एका सर्व्हेत अमेरिकेतले फक्त साडेपाच टक्के सायकॉलॉजिस्ट स्पॅनिशमध्ये काम करू शकतात असं निघालं होतं, आणि टेक्सासने मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी इन्शुरन्स, वाढवलेला नाही. पण कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये कमाईप्रमाणे फी असते (२०२५ पासून बिनकागदी लोकांबाबत नियमांची ओढाताण चालू आहे, म्हणून जायच्या आधी नाव न सांगता फोन करून विचारा). टेक्सासच्या प्रत्येक काउंटीला एक मेंटल हेल्थ ऑथॉरिटी नेमलेली असते. विद्यापीठांच्या ट्रेनिंग क्लिनिकमध्ये शिकणारे थेरपिस्ट कमी पैशात बघतात आणि माझ्या मते ती मुलं जास्त मन लावून ऐकतात. २११ ही मदत कुठे मिळेल ते सांगणारी लाइन, तिथे फोन केला तर जवळचं सांगतात. मानसिक आजारांवर काम करणाऱ्या नामी नावाच्या संस्थेचा घरच्यांसाठी आठ सत्रांचा मोफत कोर्स असतो, काही ठिकाणी स्पॅनिशमध्येही, मी इंग्लिशमधला केला आणि वाटलं हा लग्नाआधी करायला हवा होता.

आणि 'प्रोमोतोरा' विचारा. वस्तीतल्याच बायका, आरोग्याचं ट्रेनिंग घेतलेल्या, घरोघर जाणाऱ्या. आपल्या आशाताई समजा.

पहिल्या भेटीला गाडीने सोडा आणि वेटिंग रूममध्ये बसा. फोन नंबर देणारे पन्नास भेटतात, बसणारा एखादाच.

प्र. मला स्पॅनिश येत नाही.

मलाही यायचं नाही. 'या कोमिस्ते?' शिका, जेवलीस का. आपल्याकडे जेवलीस का विचारलं की जसं त्यात सगळं येतं तसं. मोठ्यांना तू म्हणू नका, 'उस्तेद' म्हणा, अहो-जाहो आहे ते, आणि बाईच्या नावाआधी 'दोन्या', पुरुषाच्या नावाआधी 'दोन' लावा (आकडा नव्हे, आपलं श्रीयुत तसं). एवढ्यावर मी दोन वर्षं काढली.

प्र. मंडळाने काही करायचं ठरवलं तर?

सप्टेंबरच्या १५ ते ऑक्टोबरच्या १५ या हेरिटेज महिन्यात टाको पार्टी करून सोम्ब्रेरो, म्हणजे त्या मोठ्या मेक्सिकन टोप्या, घालून फोटो काढू नका, ही हात जोडून विनंती.

त्यापेक्षा तुमच्या घरी साफसफाईला, मुलं सांभाळायला जी येते ना, ती आजारी पडली त्या दिवसाचे पैसे द्या. तुम्ही महिनाभर भारतात जाता तेव्हा तिचा महिना कोरडा जातो, निदान अर्धे द्या. भाड्याचं टेन्शन कमी झालं की नेर्व्हिओस किती कमी होतात ते मी स्वतः बघितलंय. लॉनवाल्यांना ऑगस्टच्या उन्हात सावली, पाणी, बाथरूम. आपल्यात इतके डॉक्टर, अकाउंटंट, वकील आहेत, महिन्यातला एक शनिवार जवळच्या चर्चला किंवा क्लिनिकला विचारून जा, पण विचारून, त्यांना काय हवंय ते त्यांना माहीत असतं. आम्ही मोठ्या हौसेने योगा शिबिर ठेवलं होतं, चार जण आले. पुढच्या वेळी शाळेचे आणि दवाखान्याचे फॉर्म भरून द्यायला बसलो तर रांग लागली आणि रांगेतच बायका एकमेकींशी बोलायला लागल्या.

प्र. सगळ्यांचं करता करता मीच संपले तर?

हो, होतं. दिराच्या वेळी मी तीन महिने सातारला आईला नीट फोन केला नव्हता आणि एकदा एचईबी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भाजी मांडीवर घेऊन रडत बसले होते. मग जावांनी वार वाटून घेतले. माझे मंगळवार आणि शनिवार, बाकी दिवस फोन सायलेंट. सुरुवातीला अपराधी वाटतं, दुसऱ्या आठवड्यात वाटत नाही. तुमच्याकडे वाटून घ्यायला कुणी नसेल तर ९८८ तुमच्यासाठीही आहे.

प्र. डिसेंबरात तमाले करायला बोलावलंय, जाऊ का? तिथे मी काय करणार?

अहो जा! याला तमालादा म्हणतात. मक्याच्या कणसाच्या भिजवलेल्या सालांवर पीठ पसरायचं, सारण भरायचं, गुंडाळायचं, उकडायचं, पातोळ्यांचं तिखट मटणी भावंडं समजा. सकाळी आठपासून शंभर-दोनशे होतात, टेबलाभोवती आठ-दहा बायका, हात पिठात, फोन कुणाच्याच हातात नाही. सासूबाईंच्या पावसाबद्दल मला तिथेच कळलं, दिराबद्दलही, त्यांच्या बहिणीने १९८० च्या सुमाराला गावी काय भोगलं तेही, सगळं पीठ पसरता पसरता, कुणी कुणाकडे न बघता. तुम्ही विचारायला जाऊ नका काही. पीठ पातळ पसरा, जाड पसरलं की ओरडतात.

जाताना चिवडा न्या. लिंबू जरा जास्त पिळा, तिखट लिंबाचं त्यांना वेड आहे.